डुप्लिकेटिंग मशीन आयात करताय? कोड, कस्टम ड्युटी आणि नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कस्टम क्लिअरन्सच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट कळलीय, लोक मशीन आधी बुक करतात आणि ड्युटी ज्यावरून ठरते तो टॅरिफ कोड नंतर विचारतात. क्लासवाले, छोटे प्रेसवाले, शाळेचे क्लार्क, जुन्या झेरॉक्स मशीनचे डीलर, सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात म्हणून इथे एकत्र लिहितोय. सगळं भारतातल्या आयातीबद्दल आहे. दर बजेटला बदलतात, त्यामुळे बिल ऑफ एंट्री (आयात मालाची कस्टमकडे भरायची घोषणा) भरायच्या दिवशी टॅरिफ, म्हणजे कोड आणि दरांचं पुस्तक, एकदा उघडून बघाच.

१. डुप्लिकेटिंग मशीन म्हणजे झेरॉक्स मशीनच ना? मग वेगळं काय बघायचं?

नाही, आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. पूर्वी शाळेत परीक्षेचे पेपर सायक्लोस्टाइल करायचे ते आठवतंय का, मेणाचा स्टेन्सिल टाइपरायटरवर कापायचा, तो ड्रमवर चढवायचा आणि हँडल फिरवलं की शाई त्या भोकांतून कागदावर उतरायची. ते डुप्लिकेटिंग मशीन. झेरॉक्समध्ये स्टेन्सिल नसतो, तिथे प्रकाश, विजेचा चार्ज आणि टोनर पावडर यांचा खेळ असतो. आता जी डिजिटल डुप्लिकेटर येतात, ज्यांना बाजारात सरसकट रिसो म्हणतात, ती दिसतात झेरॉक्ससारखी, वर काच, बाजूला ट्रे, पण आत स्टेन्सिल आणि शाईचा ड्रमच असतो. कस्टमला मशीन बाहेरून कसं दिसतं याच्याशी देणंघेणं नाही, शाई कागदावर कशी पोचते ते बघतात.

२. मग कोड कुठला लावायचा, ८४७२ की ८४४३?

साधं स्टेन्सिल किंवा स्पिरिटचं डुप्लिकेटर असेल तर ८४७२ १० ००. हेडिंग ८४७२ मध्ये हेक्टोग्राफ (स्पिरिट किंवा जेलीवरून प्रती काढणारं) आणि स्टेन्सिल डुप्लिकेटिंग मशीनचं नावच लिहिलेलं आहे, त्यामुळे कोड ठरवायच्या, म्हणजे इंटरप्रिटेशनच्या, पहिल्याच नियमाने काम होतं, पुढच्या नियमांपर्यंत जावं लागत नाही.

फोटोकॉपिअर, प्रिंटर, फॅक्स, हे सगळं ८४४३ मध्ये. १ जानेवारी २००७ च्या आधी फोटोकॉपिअर ९००९ मध्ये होते, प्रिंटर ८४७१ ६० मध्ये आणि फॅक्स ८५१७ मध्ये. मग एकाच डब्यात तिन्ही कामं करणारी मशीनं आली आणि भांडणं सुरू झाली. झेरॉक्स इंडियाच्या मल्टिफंक्शन मशीनचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, २०१० मध्ये निकाल लागला आणि मशीनचं मुख्य काम प्रिंटरचं आहे म्हणून ८४७१ ६० मान्य झालं. तो निकाल जुन्या टॅरिफवरचा आहे, आज कोणी तो दाखवून ८४७१ लावा म्हणत असेल तर ऐकू नका. आता वेगळा आलेला प्रिंटर ८४७१ मध्ये जात नाही, चॅप्टर ८४ च्या नोटमध्ये तसं स्पष्ट लिहिलंय.

डिजिटल डुप्लिकेटरसाठी प्रश्न ५ बघा, ऑफसेटवाल्यांनी प्रश्न ६.

३. एकूण ड्युटी किती बसते? हिशोब सांगा ना.

तीन थर असतात. बेसिक कस्टम ड्युटी म्हणजे बीसीडी, त्या बीसीडीच्या १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, आणि मग किंमत, बीसीडी आणि सरचार्ज या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. डुप्लिकेटर आणि कॉपिअर दोन्हीला आयजीएसटी १८ टक्के. सुरुवातीला २८ होता, नोव्हेंबर २०१७ मध्ये खाली आला.

खरा फरक बीसीडीत पडतो. ८४४३ ३१ आणि ८४४३ ३२ या मशीनना आयटीए-१ या आयटी वस्तूंच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे बीसीडी शून्य, ८४७२ १० त्या करारात नाही म्हणून तिथे बीसीडी लागते. समजा कस्टमच्या हिशोबाने किंमत २,००,००० रुपये आणि बीसीडी १० टक्के धरली (हा आकडा फक्त हिशोबासाठी घेतलाय), तर बीसीडी २०,०००, सरचार्ज २,०००, आता बेरीज २,२२,००० आणि त्याच्यावर १८ टक्क्यांनी ३९,९६०. एकूण ६१,९६०. तेच मशीन बीसीडी शून्यच्या कोडमध्ये बसलं असतं तर फक्त ३६,०००. जीएसटी नोंदणी असेल आणि क्रेडिट मिळत असेल तर आयजीएसटी परत वळता होतो, पण बीसीडी आणि सरचार्जचं क्रेडिट कुठेच मिळत नाही, ते २२,००० गेले ते गेलेच. शाळा, ट्रस्ट किंवा नोंदणी नसलेला माणूस असेल तर पूर्ण रक्कम खर्चातच धरायची.

म्हणूनच लोकांना ८४४३ चा मोह होतो. मोहाने कोड ठरवला की पुढे काय होतं ते प्रश्न ५ मध्ये.

४. माझ्या कॉपिअरला नेटवर्क कार्ड वेगळं घ्यावं लागतं. तरी ८४४३ ३१ चालेल का?

बहुतेक नाही. ८४४३ ३१ साठी दोन अटी. प्रिंट, कॉपी, फॅक्स यातली किमान दोन कामं हवीत, आणि मशीन कॉम्प्युटरला किंवा नेटवर्कला जोडता यायला हवं. 'जोडता यायला हवं' म्हणजे फक्त केबल लावली की काम झालं पाहिजे. कार्ड बसवायची रिकामी जागा आहे, कार्ड नंतर घेऊ, असं चालत नाही. उलट बाजूने, पोर्ट आत आहे पण झाकणामागे आहे किंवा एखादा स्विच आधी सेट करावा लागतो, एवढ्यावरून मशीन बाहेर पडत नाही.

तेव्हा सप्लायरकडून नुसतं मॉडेलचं नाव मागू नका, तुमच्या सिरियल नंबरच्या मशीनमध्ये कार्ड बसवून येतंय का ते लेखी घ्या. एकाच मॉडेलची दोन मशीनं, एकात कार्ड आहे आणि एकात नाही, आणि दोन वेगळ्या ओळींत बिल ऑफ एंट्री भरावं लागलं असं आमच्याकडे झालेलं आहे. नुसतीच कॉपी काढणारं, कशालाही न जोडता येणारं मशीन ८४४३ ३९ मध्ये जातं, तिथे पुन्हा डायरेक्ट प्रोसेस आणि इनडायरेक्ट प्रोसेस असे वेगळे कोड आहेत.

५. डिजिटल डुप्लिकेटरला यूएसबी आहे, लॅपटॉपवरून प्रिंट जाते. मग प्रिंटर म्हणून का नाही आणायचं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि उत्तर जरा लांब आहे.

मशीन आत काय करतं ते आधी बघू. मूळ कागद स्कॅन होतो किंवा लॅपटॉपवरून फाइल येते, मग थर्मल हेड मास्टर नावाच्या पातळ रोलवर बारीक भोकं पाडतं, तो मास्टर आपोआप ड्रमभोवती गुंडाळला जातो आणि ड्रमच्या आतली शाई त्या भोकांतून कागदावर दाबली जाते. म्हणजे स्टेन्सिलच. फरक एवढाच की पूर्वी तो टाइपरायटरने कापायचे आणि आता मशीन स्वतः कापतं. टॅरिफच्या हेडिंगचं स्पष्टीकरण देणाऱ्या जुन्या एक्स्प्लनेटरी नोट्समध्ये लेखणीने किंवा टाइपरायटरने आधी कापलेल्या मेणकागदी स्टेन्सिलचा उल्लेख आहे, त्यावरून काही जण म्हणतात की डिजिटल मशीन ८४७२ मध्ये येतच नाही. दुसरी बाजू टॅरिफच्या सेक्शन सोळाची तिसरी नोट दाखवते की अनेक कामं करणाऱ्या मशीनचं मुख्य काम बघा, आणि इथे मुख्य काम स्टेन्सिलमधून छपाई आहे, स्कॅनर त्याच्या मदतीला आहे. मला दुसरं म्हणणं पटतं. इंटरफेस नसलेल्या मशीनला मी डोळे झाकून ८४७२ १० म्हणेन, इंटरफेसवालं असेल तरी कल तोच, पण तिथे वाद उभा राहू शकतो म्हणून माल निघायच्या आधी अॅडव्हान्स रूलिंग घ्या (प्रश्न १३).

एक प्रसंग सांगतो. एका क्लासवाल्यांनी इन्व्हॉइसवर नुसतं 'डिजिटल प्रिंटर' लिहून घेतलं होतं, सप्लायरने सांगितलं म्हणून, आणि आम्हाला कॅटलॉग शेवटपर्यंत मिळाला नाही, आम्हीही जोर लावला नाही, ती आमची चूक. एक्झामिनेशनला सीएफएसमध्ये (बंदराजवळचं कंटेनरचं गोदाम) खोकं उघडलं, अधिकाऱ्याने बाजूचं दार उघडून हँडल धरून ड्रम बाहेर ओढला, त्याच्याभोवती टेस्ट प्रिंटचा मास्टर तसाच गुंडाळलेला होता आणि शाई बोटांना लागली. त्यांनी तो मास्टर उजेडात धरला, भोकांतून अक्षरं दिसत होती. त्यानंतर प्रिंटर म्हणून बोलायला काही उरलंच नाही. कोड बदलला, फरकाची ड्युटी, वर दंड, आणि अकरा दिवसांचं ग्राउंड रेंट म्हणजे जागेचं भाडं, ते त्या क्लासच्या एका महिन्याच्या भाड्याएवढं झालं. वर्णन पहिल्यापासून बरोबर लिहिलं असतं तर कोडबद्दल मतभेद म्हणून लढता आलं असतं. वर्णनच खोटं निघालं की कस्टम कायद्याचं माल जप्तीचं कलम १११(एम) लागतं आणि लढायला जागा राहत नाही.

६. छोटं ऑफसेट मशीन आहे, ऑफिसमध्येच वापरायचं. ते पण डुप्लिकेटर म्हणून येईल का?

नाही. ऑफिससाठी असलं तरी छोटं छपाई यंत्र ८४४३ मध्येच. पण यात एक गंमतशीर बारकावा आहे, ८४४३ १२ हा 'ऑफिस टाइप' शीटफेड ऑफसेटचा कोड आहे आणि ऑफिस टाइप म्हणजे कागदाची एक बाजू २२ सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही आणि दुसरी ३६ पेक्षा जास्त नाही, घडी न घालता. ए४ बसतो, लीगलही बसतो. ए३ बसत नाही, कारण त्याची छोटी बाजूच २९.७ आहे, मग मशीन ८४४३ १३ मध्ये जातं. ब्रोशरवर ऑफिस ऑफसेट लिहिलंय म्हणून ८४४३ १२ लावू नका, मॅक्झिमम शीट साइजची ओळ शोधा.

७. मास्टर रोल, शाई, ड्रम, टोनर हे मशीनच्याच कोडमध्ये टाकलं तर?

प्रत्येकाचा कोड वेगळा. ड्रम आणि डुप्लिकेटरचे इतर खास पार्ट ८४७३ ४० मध्ये. डुप्लिकेटरची शाई ३२१५ ९० मध्ये, ती छपाईच्या शाईत धरत नाहीत, बरेच जण इथे चुकतात. टोनर पावडर सुटी आली तर ३७०७, कार्ट्रिज म्हणून आलं तर ८४४३ ९९.

मास्टर रोलचं बघायचं झालं तर टेप घेऊन रुंदी मोजायची. चॅप्टर ४८ च्या नोटप्रमाणे ४८०९ मध्ये ३६ सेंटिमीटरपेक्षा रुंद रोलच येतात. ए३ मशीनचा मास्टर साधारण ३२ सेंटिमीटर असतो, म्हणून डुप्लिकेटर स्टेन्सिल ४८१६ मध्ये. कापायच्या आधीचा जंबो रोल आणून इथे कापणार असाल तर ४८०९ चा विचार करावा लागेल.

८. नवीन मशीनला बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी लागते का?

हो. इलेक्ट्रॉनिक्स आणि आयटी वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीच्या आदेशात 'कॉपिंग मशीन / डुप्लिकेटर' असं स्पष्ट नाव आहे, प्रिंटरही त्यात आहेत. म्हणजे ८४७२ लावला म्हणून यातून सुटका नाही. नोंदणी उत्पादकाच्या कारखान्याच्या नावावर असते, तुमच्या नावावर नाही, आणि त्याच ब्रँडच्या दुसऱ्या देशातल्या कारखान्यात बनलेलं मशीन आलं तर ती नोंदणी चालत नाही. रेटिंग प्लेटचा फोटो सप्लायरकडून आधीच मागवा, त्यावर मॉडेल, कारखान्याचा देश आणि नोंदणी क्रमांक तिन्ही वाचता आले पाहिजेत. शिवाय तुम्ही आयातदार म्हणून ई-वेस्टच्या २०२२ च्या नियमांखाली उत्पादक ठरता, त्याची सीपीसीबीकडची (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ) नोंदणी वेगळी.

९. जुनं मशीन परदेशात खूप स्वस्त मिळतंय. कंटेनर भरून आणू का?

थांबा. फॉरेन ट्रेड पॉलिसीच्या पॅरा २.३१ प्रमाणे सक्तीच्या नोंदणीतली जुनी इलेक्ट्रॉनिक मशीनं रिस्ट्रिक्टेड आहेत, डीजीएफटीचं (परदेशी व्यापार महासंचालनालय) ऑथरायझेशन लागतं. जुन्या मल्टिफंक्शन मशीनवर २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांच्याही अटी आहेत, ए३ आणि त्यापेक्षा मोठ्या कागदाचं मशीन हवं, चार्टर्ड इंजिनियरच्या सर्टिफिकेटमध्ये मशीन चालू आहे आणि किमान ५ वर्षं आयुष्य उरलंय हे सिरियल नंबरसकट हवं. सर्टिफिकेट तिकडून निघायच्या आधी, इथे आल्यावर नाही.

परदेशातला डीलर सांगतो की सगळे आणतात, काही होत नाही. कंटेनर तुमच्या नावावर असतो, त्याच्या नाही.

१०. ऑथरायझेशन नसताना आणलं तर दंड भरून सुटतं असं ऐकलंय, खरं का?

अर्धं खरं, आणि त्या अर्ध्यावर विसंबून लोकांनी घरं गहाण ठेवलेली मी बघितलीत. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने अतुल ऑटोमेशन्सच्या प्रकरणात सांगितलं की ऑथरायझेशनशिवाय आलेली जुनी मल्टिफंक्शन मशीनं रिस्ट्रिक्टेड आहेत, प्रोहिबिटेड म्हणजे पूर्ण बंदी असलेली नाहीत, आणि आयुष्य शिल्लक असल्यामुळे कचराही नाहीत, म्हणून दंड घेऊन सोडायला हरकत नाही. हे ऐकलेलं बरोबर आहे.

पण त्याच वर्षी मे महिन्यात पॅरा २.३१ बदलला आणि बीआयएस नोंदणीच्या अटीशी जोडला. नोंदणी नाही, सूटही नाही, तर माल परत पाठवा, नाहीतर कस्टम तो निकामी करून भंगारात काढेल, असं तिथे लिहिलंय. तेव्हा जुना निकाल खिशात घालून नवीन कंटेनर मागवू नका.

११. इन्व्हॉइस एफओबी (जहाजावर चढेपर्यंतची किंमत) आहे, भाड्याचं बिल नाही. कस्टम किंमत कशी धरणार?

भाडं माहीत नसेल तर एफओबीच्या २० टक्के, विमा माहीत नसेल तर १.१२५ टक्के. म्हणजे एफओबी १,६०,००० असेल तर भाडं ३२,०००, विमा १,८००, किंमत १,९३,८००. समुद्रमार्गे खरं भाडं सहसा यापेक्षा कमी असतं, म्हणून फ्रेट सर्टिफिकेट मागून घ्या, फुकटचे पैसे भरू नका. विमानाने आणलं तर भाडं कितीही आलं तरी एफओबीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरत नाहीत. डॉलरचा दर बँकेचा नाही, कस्टमने जाहीर केलेला.

१२. अमेरिकेतल्या आमच्या मंडळाला गावच्या शाळेसाठी वापरलेलं डुप्लिकेटर भेट द्यायचंय. भेट आहे, मग ड्युटी कशाची?

ही तळमळ मला कळते, गावाकडच्या शाळेत चाचणीचे पेपर अजून फळ्यावर लिहून देतात आणि पोरं अर्धा तास नुसते प्रश्न उतरवण्यात घालवतात. पण भेट म्हटल्याने ड्युटी जात नाही. विक्री झालेली नाही म्हणून इन्व्हॉइसची किंमत धरत नाहीत, तशाच किंवा त्यासारख्या मशीनची किंमत शोधतात, ते नाही जमलं तर शेवटच्या नियमाने ठरवतात. 'नो कमर्शियल व्हॅल्यू' लिहून काही होत नाही. वर ते वापरलेलं आहे, म्हणजे प्रश्न ९ आणि १० पूर्ण लागू. आणि तिकडचं मशीन ११० व्होल्टचं असायची दाट शक्यता.

माझं मनापासून सांगणं आहे, त्या पैशात शाळेला इथेच सर्व्हिस असलेलं मशीन घेऊन द्या आणि दोन वर्षांचे मास्टर आणि शाई सोबत द्या. मशीन आहे पण रोल संपलेत म्हणून कापड टाकून ठेवलेलं डुप्लिकेटर मी एका शाळेच्या कपाटाशेजारी बघितलंय, ते डोक्यातून जात नाही.

१३. अॅडव्हान्स रूलिंग म्हणजे काय, छोट्या माणसाला परवडतं का?

माल आणायच्या आधीच कस्टमच्या प्राधिकरणाकडून कोड लिहून घ्यायचा. मुंबईचं कार्यालय बॅलार्ड इस्टेटला न्यू कस्टम हाऊसमध्ये आहे. फी १०,००० रुपये, कायद्याने ३ महिन्यांत निर्णय, आणि तो ठरलेल्या मुदतीपर्यंत चालतो, कायदा किंवा वस्तुस्थिती मधेच बदलली नाही तर. तो निर्णय तुम्हाला आणि तुमच्या बाबतीत खात्याला बांधील असतो, शेजारच्याने घेतलेला तुम्हाला चालत नाही, फार तर आधार म्हणून दाखवता येतो. एकच मशीन आणणार असाल तर हिशोब करून बघा, पण वर्षाला दहा-बारा आणणार असाल तर विचारच करू नका, घ्या. अर्जासोबत कॅटलॉग, आतल्या रचनेची आकृती आणि मास्टर कसा बनतो त्याचं साध्या भाषेतलं एक पान जोडा.

१४. मशीन जपानमध्ये बनलंय पण सिंगापूरच्या स्टॉकिस्टकडून येतंय. भारत-जपान व्यापार कराराची ड्युटी सवलत मिळेल?

नुसतं 'मेड इन जपान' लिहिल्याने नाही. जपानकडून मिळालेलं ओरिजिन सर्टिफिकेट हवं आणि माल थेट आलेला हवा, वाटेत थांबला तर कस्टमच्या देखरेखीत राहिला, चढउतारापलीकडे त्याचं काही केलं नाही हे दाखवावं लागतं. स्टॉकिस्टने गोडाऊनमध्ये घेऊन मग विकलं असेल तर अवघड आहे. २१ सप्टेंबर २०२० पासून ओरिजिन तपासायचे कॅरोटार नियम आलेत, त्यामुळे सर्टिफिकेट असलं तरी ओरिजिन कसं ठरलं याची माहिती आयातदाराकडे हवी, मागितली तर द्यावी लागते.

१५. चुकून जास्त ड्युटी भरली, रिफंड सरळ मागता येतो का?

सरळ नाही. बिल ऑफ एंट्री तुम्हीच सेल्फ असेसमेंटने, म्हणजे कोड आणि ड्युटी स्वतः ठरवून, भरलेलं असतं आणि ते असेसमेंट आधी बदलून घ्यावं लागतं, २०१९ मध्ये आयटीसीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हे पक्कं केलं. बदलायचे नेहमीचे रस्ते म्हणजे कलम १४९ खाली दुरुस्ती किंवा कमिशनर अपील्सकडे ६० दिवसांत अपील. ६० दिवस पटकन जातात. अधिकाऱ्यानेच कोड बदलला असेल आणि तुम्हाला मान्य नसेल तर १५ दिवसांत कारणांसहित ऑर्डर मिळायला हवी, ती लेखी मागा. सुटकेच्या घाईत 'मान्य आहे' लिहून दिलंत तर ती ऑर्डरच निघत नाही आणि अपील करायला हातात काही उरत नाही.

१६. मशीन सुटं करून तीन खोक्यांत आणलं तर पार्टचा कोड लागेल का?

एकाच कन्साइनमेंटमध्ये पूर्ण मशीनचे भाग असतील तर ते पूर्ण मशीनच धरतात, इंटरप्रिटेशनच्या दुसऱ्या नियमाचा पहिला भाग तेच सांगतो. तीन वेगवेगळ्या बिलांवर आठवड्याच्या अंतराने आणलं तरी सिरियल नंबर जुळले की विषय निघतोच, आणि मग तो लपवाछपवीचा होतो, ज्यात खातं २ वर्षांऐवजी ५ वर्षं मागे जाऊ शकतं. जागा वाचवायला सुटं केलं असेल तर काहीच चूक नाही, इन्व्हॉइसवर 'पूर्ण मशीन, सुट्या स्थितीत' एवढं लिहून घ्या आणि पॅकिंग लिस्टमध्ये कुठल्या खोक्यात ड्रम, कुठल्यात फीडर ते टाका.

१७. बिल ऑफ एंट्री कधीपर्यंत भरायचं? कागद पूर्ण नाहीत अजून.

जहाज यायच्या आदल्या दिवशी संपेपर्यंत. उशीर झाला तर पहिले ३ दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,०००. तपासून बिल ऑफ एंट्री पैसे भरण्यासाठी परत आलं की ड्युटी एका कामाच्या दिवसात, नाहीतर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज. आता असेसमेंट फेसलेस आहे, तुमचा माल न्हावा शेवाला आणि तपासणारा अधिकारी दुसऱ्याच बंदराचा असू शकतो, त्याला तुमचं मशीन दिसत नाही, फक्त ई-संचित या कस्टमच्या ऑनलाइन व्यवस्थेवर टाकलेले कागद दिसतात. म्हणून मी बिलासोबतच ड्रम बाहेर काढलेला एक फोटो, मास्टर रोलचा एक आणि मागच्या पोर्टचा एक असे तीन फोटो अपलोड करतो. तेव्हापासून क्वेरी बऱ्याच कमी आल्यात.